फ्रूट पाय घरी: तळ कच्चा राहू नये म्हणून कोणत्या क्रमाने काय करायचं

फ्रूट पाय म्हणजे मैद्याच्या दोन पाऱ्यांमध्ये फळाचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. घरी केलेला पाय बिघडतो तो बहुतेक वेळा तीनच प्रकारे. तळाची पारी ओली आणि कच्ची राहते. किंवा पारी चिवट होते, सुरी लावली की तुटत नाही, ओढली जाते. नाहीतर पहिला तुकडा काढल्याबरोबर सगळा रस ताटलीत वाहून जातो. लोक दोष ओव्हनला देतात, पण यातलं बरंचसं पाय ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच बिघडलेलं असतं. त्यात सोलापूरचं ऊन.

मुख्य अडचण आपल्या हाताच्या सवयीची आहे. शंकरपाळीला आपण कडकडीत मोहन घालतो, पीठ घट्ट मळतो, झाकून मुरवतो. पायच्या पारीत यातलं एकही करायचं नाही. इथे थंड बटरचे तुकडे पिठात अख्खे राहायला हवेत. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेला मोठा भाग पाण्याचा. भाजताना तुकडा वितळला की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पिठाचे थर एकमेकांपासून सोडवते. बटर ओट्यावरच वितळून मैद्यात मुरलं, तर ओव्हनमध्ये वाफेला उचलायला काही उरत नाही. तुपाने पायच्या पारीत बटरसारखे पापुद्रे सुटत नाहीत त्याचंही कारण हेच. तुपात पाणी जवळजवळ नसतंच.

आधी वेळ ठरवा

बटर ३२ ते ३५ अंशांच्या आसपास वितळतं आणि मऊ पडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो. अशा दुपारी पारी लाटायला घेणं म्हणजे बटर आणि मैदा दोन्ही वाया घालवणं. उन्हाळ्यात लाटायचं काम पहाटे उरका, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर, गॅस बंद होऊन तासभर गेल्यावर करा.

पहिल्यांदाच करत असाल तर डिसेंबर-जानेवारी गाठा. सोलापुरात जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत सकाळी ओट्याला हात लावला तर गार लागतो, आणि मंडईत पेरू चांगले मिळतात.

काम दोन दिवसांत वाटून घ्या. आदल्या रात्री पीठ भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी फळ, लाटणं, भाजणं. मग किमान चार तास पायला हात लावायचा नाही. संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर सकाळी दहाच्या आत पाय ओव्हनमध्ये गेलेला असावा. पाहुणे आल्यावर गरम गरम कापू, हा बेत डोक्यातून काढून टाका.

साहित्य

२३ सेंटीमीटर व्यासाच्या, साडेतीन ते चार सेंटीमीटर खोल भांड्यासाठी हे प्रमाण आहे. वजनकाटा वापराच. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल भरला यावर बराच कमीजास्त होतो.

पारीसाठी: मैदा ३०० ग्रॅम, अनसॉल्टेड बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १ मोठा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, व्हिनेगर किंवा लिंबाचा रस १ छोटा चमचा, बर्फाचं पाणी ८० ते १०० मिलिलिटर.

सारणासाठी: सफरचंदं १ किलो, साखर १०० ते १२० ग्रॅम, लिंबाचा रस १ मोठा चमचा, कॉर्नफ्लॉवर २ मोठे चमचे सपाट भरून, दालचिनीची पूड १ छोटा चमचा, थोडं किसलेलं जायफळ, चिमूटभर मीठ, मूठभर बेदाणे.

वरून लावायला दोन चमचे दूध आणि एक चमचा साखर.

साधं पिवळं खारं बटर चालतं, फक्त पारीतलं मीठ गाळा. घरच्या लोण्यात ताक किती राहिलंय याचा अंदाज येत नाही, म्हणून ते पोळीलाच लावा. पिठात थोडी ज्वारी मिसळायचा मोह सोलापूरकराला होणारच. ३०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅमपर्यंत चव छान लागते, पण ज्वारीला चिकटपणा नसल्याने पारी लाटताना फाटते. पहिल्या खेपेला नको.

भांडं धातूचं घ्या. पायचं खास भांडं नसेल तर २० सेंटीमीटरचा ॲल्युमिनियमचा केकचा डबा चालेल, त्यात पाय थोडा उंच होईल. काचेचं भांडं सुंदर दिसतं आणि त्यातून तळाचा रंगही दिसतो, पण या लेखात थंड भांडं तापलेल्या लोखंडावर ठेवायचं आहे आणि तसं केलं तर काच तडकू शकते.

टप्पा १: ओव्हनची परीक्षा

ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनच्या, बटणावर २०० लिहिलं म्हणजे आत २०० अंश असतीलच असं नाही. आत ठेवायचा थर्मामीटर नसेल तर साखरेने अंदाज घेता येतो. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. ॲल्युमिनियम फॉइलच्या लहानशा द्रोणात एक चमचा साखर घालून १७५ वर तापवलेल्या ओव्हनमध्ये १५ मिनिटं ठेवा. ती वितळली तर ओव्हन सांगतो त्यापेक्षा जास्त तापतोय. मग बटण १९० वर नेऊन आणखी १५ मिनिटं थांबा. तरीही कोरडीच राहिली तर कमी तापतोय. त्या हिशेबाने पुढचे आकडे वरखाली करा. ही परीक्षा एकदाच करायची आहे, पण ती टाळणाऱ्यांचाच पाय वर करपतो नि खाली कच्चा राहतो.

गॅसवर कढईत मीठ घालून केक होतो, दोन पाऱ्यांचा पाय होत नाही. खालून आच मिळते, पण वरची पारी पांढरीच राहते. कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह चालेल, मात्र फक्त कन्व्हेक्शनवर. धातूचं भांडं आत असताना मायक्रोवेव्हचा पर्याय सुरू करू नका.

टप्पा २: पीठ, म्हणजे न मळलेलं पीठ

१. बटरचे सेंटीमीटरभर चौकोनी तुकडे कापा आणि २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात मैदा आणि परातही फ्रिजमध्ये ठेवा. गंमत वाटेल, पण फरक पडतो.

२. मैदा, मीठ, पिठीसाखर एकत्र करून त्यात बटर घाला. बोटांच्या टोकांनी तुकडे चपटे करत जा. तळहात लावू नका, बोटांपेक्षा तो गरम असतो. काही तुकडे तुरीच्या डाळीएवढे, काही वाटाण्याएवढे राहिले की थांबा. सगळं रव्यासारखं एकसारखं झालं तर तुम्ही पुढे गेलात.

३. बर्फाच्या पाण्यात व्हिनेगर घाला. आधी पाच मोठे चमचे पाणी शिंपडून काट्याने हलवा. मग चमच्याचमच्याने वाढवा. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत एखादा चमचा जास्त लागतो, पावसाळ्यात कमी.

४. मूठभर मिश्रण दाबून पाहा. गोळा धरला आणि कडेला थोडा भुगा राहिला, तर पाणी बरोबर आहे.

तपासा: या क्षणी पीठ विस्कळीत आणि कोरडं दिसायला हवं. चपातीची कणीक डोळ्यासमोर असलेला माणूस इथे हमखास आणखी पाणी ओततो आणि चार वेळा मळतो. मैद्याला पाणी लागलं आणि मळणं झालं की त्याला ताण येतो. पारी चिवट होते ती इथे, आणि भाजताना आकसून भांड्यात खाली घसरते तीही यामुळेच.

५. सगळं प्लास्टिकच्या कागदावर ओता, कागदानेच दाबून दोन जाड चकत्या करा. एक थोडी मोठी, साधारण ३३० ग्रॅमची, ती तळाची. लहान वरची. गुंडाळून फ्रिजमध्ये किमान एक तास ठेवा, रात्रभर उत्तम. या वेळात कोरडा भुगा आपोआप ओलसर होतो. चकतीत बटरचे पिवळट डाग दिसले तर पीठ जमलं म्हणून समजा.

टप्पा ३: फळातलं पाणी आधीच काढा

पायची कृती वाचताना लोकांची नजर ज्यावरून सहज पुढे जाते तो हा टप्पा. आणि तळ ओला राहण्याचं सगळ्यात मोठं कारणही इथेच आहे.

आधी सफरचंद निवडा. आपल्याकडे लाल डिलिशस जातीची सफरचंदं सगळीकडे मिळतात. ती गोड असतात, पण शिजल्यावर मऊ पडतात, आणि शीतगृहात बरेच महिने राहिलेली असतील तर पिठूळ होतात. मिळाली तर निम्मी हिरवी, आंबट सफरचंदं घ्या. नाही मिळाली तर लालच घ्या, पण घट्ट पाहून, आणि लिंबाचा रस अर्ध्या चमच्याने वाढवा. दाबल्यावर बोट रुतलं तर ते फळ पायसाठी नाही.

१. सालं काढून सेंटीमीटरभर जाडीच्या फोडी करा. परदेशी कृतींमध्ये पातळ काप सांगतात, ते तिकडच्या कडक जातींसाठी. आपल्या लाल सफरचंदाचे पातळ काप पायमध्ये जॅम होतात.

२. फोडींना साखर, लिंबाचा रस आणि मीठ लावून ४५ मिनिटं झाकून ठेवा. कॉर्नफ्लॉवर आत्ता घालू नका.

३. सुटलेला रस चाळणीतून गाळून घ्या. दहा मिनिटं निथळू द्या.

४. हा रस लहान कढईत मध्यम आचेवर आटवून निम्मा करा. पाकासारखा जरा दाट दिसला की उतरवा आणि पूर्ण थंड करा. चव सगळी या रसात आहे, म्हणून तो फेकायचा नाही, फक्त त्यातलं पाणी उडवायचं.

५. भरायच्या अगदी आधी फोडी, थंड रस, कॉर्नफ्लॉवर, दालचिनी, जायफळ आणि बेदाणे एकत्र करा. बेदाणे कोरडेच घाला. भाजताना उरलासुरला रस ते पितात. पंढरपूरचा बाजार आपल्याच जिल्ह्यात असल्याने चांगल्या बेदाण्याची आपल्याला ददात नाही. भिजवलेले मात्र नकोत.

सावधान: सारण कोमट असताना पारीत भरलं तर टप्पा २ मध्ये घेतलेली सगळी काळजी पाण्यात जाते. सारणाच्या भांड्याला बाहेरून हात लावून पाहा. ते गार लागल्याशिवाय पारी फ्रिजबाहेर काढू नका.

टप्पा ४: लाटणं

पोळपाट बाजूला ठेवा. तळाच्या पारीला साधारण ३२ सेंटीमीटरचं वर्तुळ लागतं आणि घरातला पोळपाट बहुधा तेवढा नसतो. ओट्याचा ग्रॅनाइट किंवा कडप्पा यासाठी उत्तम. उन्हाळ्यात लाटण्याआधी ओट्यावर बर्फाचं पाणी भरलेली परात दहा मिनिटं ठेवा, मग ओटा कोरडा पुसा.

चकती फ्रिजमधून काढल्यावर पाच मिनिटं थांबा, मे महिन्यात दोन पुरेत. दोन बटर पेपरांमध्ये ठेवून लाटा. मध्यापासून बाहेर, एकदा एका दिशेला, मग कागदासकट पाव फिरवून पुन्हा. पोळी लाटताना आपण कडेवर जोर देऊन ती फिरवतो, तो हात इथे चालत नाही. जाडी ३ मिलिमीटर. कड फाटली तर तिथलाच तुकडा लावून बोटाने दाबा, गोळा करून पुन्हा लाटू नका.

मध्येच पारी चकाकायला लागली किंवा कागदाला चिकटली, तर बटर सुटतंय. हट्ट न करता कागदासकट दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. पीठ भुरभुरवून वेळ मारून नेली की पारी कोरडी होते.

वरचा कागद काढून पारी भांड्यावर उलटी करा, दुसरा कागद सोलून घ्या. आता पारी कडेने उचलून तिच्या वजनाने खाली कोपऱ्यात बसू द्या. बोटांनी ताणून बसवलेली पारी भाजताना आपल्या जागी परत जाते. भांड्याबाहेर दोन सेंटीमीटर पारी लोंबती ठेवा. भांडं फ्रिजमध्ये ठेवा आणि मगच वरची पारी लाटायला घ्या. तिला २७ सेंटीमीटर पुरे.

टप्पा ५: भरणं आणि मुरड

१. ओव्हन २२० अंशांवर, खालची-वरची दोन्ही कॉइल लावून तापत ठेवा. आत सगळ्यात खालच्या जाळीवर भाकरीचा लोखंडी तवा ठेवा. त्याला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नसावी आणि तो बाजूच्या भिंतींना टेकू नये. २५ मिनिटं तापू द्या. या तव्यावर भांडं ठेवलं की तळाच्या पारीला पहिल्या मिनिटापासून जोरदार उष्णता मिळते. आपल्या लहान ओटीजीत तळ कच्चा राहण्यावर मला याहून चांगला आणि फुकटातला उपाय माहीत नाही.

२. सारण भरा. फोडी हाताने दाबून मधल्या पोकळ्या बुजवा, मध्ये किंचित उंच ठेवा. भांड्याच्या तळाशी रस उरला असेल तर दोन चमच्यांहून जास्त ओतू नका.

३. वरची पारी ठेवा, दोन्ही कडा एकत्र आत दुमडा आणि करंजीसारखी मुरड घाला. काट्याने दाबलेली कडही चालते, पण मुरड जास्त घट्ट बसते आणि आपल्या हातांना ती येतेच.

४. वर सुरीने पाच-सहा चिरा द्या, प्रत्येक चार-पाच सेंटीमीटरची. टोचे पुरत नाहीत. वाफेला वाट मिळाली नाही तर ती मुरड फोडून बाहेर पडते.

५. १५ मिनिटं फ्रीझरमध्ये. मग दूध लावा, साखर भुरभुरवा आणि लगेच ओव्हनमध्ये. दूध चिरांमध्ये साचू देऊ नका. अंडं चालत असेल तर फेटलेल्या अंड्याने रंग जास्त गडद येतो.

टप्पा ६: भाजणं

पहिली २० मिनिटं २२० अंश. दार उघडायचं नाही. मग १८५ वर आणून आणखी ४० ते ५० मिनिटं. लहान ओटीजीत वरची कॉइल पायच्या फार जवळ येते. अर्ध्या तासाने रंग पुरेसा आला असेल तर वर फॉइल सैल ठेवा आणि वेळ पुरा होऊ द्या.

तपासा: रंग पाहून काढू नका. मधल्या चिरेत डोकावा. तिथे रस दाट होऊन संथ बुडबुडे यायला हवेत, आणि ते पाच मिनिटं तरी चालू राहायला हवेत. सारण उकळीच्या जवळ गेल्याशिवाय कॉर्नफ्लॉवर नीट धरत नाही. कडेला बुडबुडे आणि मधे शांतता असेल तर अजून दहा मिनिटं. पाय जास्त भाजला म्हणून बिघडल्याचं क्वचितच पाहायला मिळतं, कमी भाजल्याचं नेहमी.

वीज गेली तर दार बंदच ठेवा. शेवटच्या टप्प्यात दहा-पंधरा मिनिटं गेली तर फारसं नुकसान नाही, आल्यावर तेवढा वेळ वाढवा. पहिल्या २० मिनिटांत गेली आणि लवकर आली नाही, तर बटर वितळून पारी बसते आणि मग ती पुन्हा उठत नाही. त्यामुळे तुमच्या भागातली वीज ज्या वेळी जाते ती वेळ टाळूनच ओव्हन लावा.

टप्पा ७: थंड करणं

भांडं जाळीवर ठेवा, ओट्यावर नाही. खालून हवा लागली नाही तर वाफ तळाशी अडकते आणि कुरकुरीत झालेला तळ पुन्हा ओला होतो. झाकू नका. चार तास. उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवा, पण घाई म्हणून फ्रिजमध्ये ढकलू नका. सारण थंड होता होता घट्ट होतं. तासाभरात कापलेल्या पायमधून रस वाहिला, तर कॉर्नफ्लॉवर कमी पडलं असं समजून पुढच्या वेळी तीन-चार चमचे घालणारे लोक मग लापशी खातात.

दुसरी फळं घ्यायची असतील तर

पेरू: निम्मं सफरचंद, निम्मा पेरू हे मिश्रण मला नुसत्या सफरचंदापेक्षा आवडतं. पिकलेला पण टणक पेरू घ्या, चिरून मधला बियांचा गर काढा. बाहेरच्या भागाच्या फोडी पाच मिनिटं वाफवून थंड करा. गर चाळणीवर दाबून बिया वेगळ्या करा आणि तो सारणात घाला. त्याने दाटपणा येतो, म्हणून कॉर्नफ्लॉवर अर्धा चमचा कमी करा.

आंबा: टणक, नुकताच पिकलेला. साखर निम्मी, लिंबू दुप्पट, कॉर्नफ्लॉवर अर्धा चमचा जास्त. आमरसासाठी ठेवलेला मऊ आंबा नको.

द्राक्षं: बिनबियांची, प्रत्येक अर्धी चिरून. रस खूप सुटतो, तेव्हा तो आटवून एक तृतीयांश करा.

डाळिंब: सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून ते प्रत्येक पदार्थात घालायलाच हवं असं नाही. शिजल्यावर दाण्यांचा रस जातो आणि दाताखाली नुसत्या बिया येतात. कापलेल्या तुकड्यावर ताजे दाणे टाका, तिथे ते शोभतात. सीताफळ शिजवूच नका.

उरला तर

हिवाळ्यात जाळीखाली झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर राहतो. मार्चनंतर पाच-सहा तासांत फ्रिजमध्ये जायला हवा, तिथे तीन दिवस. खाताना मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर पारी मऊ पडते. ओटीजी १६० अंशांवर तापवून तुकडा दहा-बारा मिनिटं आत ठेवा.

न भाजलेला अख्खा पायही टप्पा ५ मधल्या चिरांपर्यंत तयार करून फ्रीझरमध्ये ठेवता येतो. कडक झाला की दोन पदरी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, महिनाभरात संपवा. भाजताना बर्फ सुटू देऊ नका. फ्रीझरमधून काढून दूध-साखर लावा आणि सरळ तापलेल्या तव्यावर ठेवा. १८५ अंशांवरचा वेळ १५ ते २० मिनिटांनी वाढतो, मधल्या चिरेतल्या बुडबुड्यांचा नियम तोच.